गाडी तुझी, सही माझी

मंगल,

काल तुझ्या शोकसभेत मी शाळेच्या गुरुजींच्या हातातला कागद हिसकावून घेतला. आज गावभर एकच बोलणं आहे, आबाचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले नाहीत, आणि समाजमंदिरात सतरंजी अंथरून, तुझ्या फोटोला झेंडूचा हार घालून हे लोक वाचत होते, 'संस्थेच्या तळमळीच्या कार्यकर्त्या कुमारी मंगल यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. संस्थापक अध्यक्ष आबा यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मोलाची सेवा केली.'

मार्गदर्शन! मी तुला कसलं मार्गदर्शन केलं? तू सांगायचीस 'आबा, इथे सही', आणि मी सही करायचो. तेवढंच माझं मार्गदर्शन.

आणि तुझ्यावरही माझा राग आहे, तो आधी काढून टाकतो. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते तुझे. मी ओट्यावरून हाक मारून विचारलं, "काय गं, डोळास्ना रंग असा कसा?" तर म्हणालीस, "झोप झाली नही, आबा." झोप! साऱ्या गावाच्या बाळंतिणींना दवाखान्यात वेळेवर पोचवणारी तू, आणि स्वतःची कावीळ अंगात घेऊन पंधरा दिवस संस्थेच्या मेटाडोरमध्ये फिरत राहिलीस. तुला न्यायची वेळ आली तेव्हा गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर हजर होता, डिझेल भरलेलं होतं. सगळं होतं. तूच उशीर केलास. पंचवीस हे काय वय आहे का, मंगल?

लोकांना वाटतं ही संस्था मेटाडोरपासून सुरू झाली. ती सुरू झाली माझ्या बैलगाडीत. तुझी थोरली बहीण सिंधू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कापसाचे दिवस, गावातल्या सगळ्या गाड्या जिनिंगवर गेलेल्या. तुझा बाप आमच्या शेजारच्या मळ्यात सालदार, त्याच्याकडे कुठली गाडी? तो दारोदार फिरला. संध्याकाळी माझी गाडी रिकामी होऊन आली तेव्हा सिंधूला कळा सुरू होऊन दिवस गेला होता. मी बैलांना पाणीसुद्धा दाखवलं नाही, तशीच गाडी वळवली. सोनगीरचा फाटा गाठला की धुळ्याकडे जाणारा एखादा ट्रक हात केला तर थांबायचा. फाट्याच्या अलीकडे नाला आहे. नाल्यात उतरताना सिंधूचा आवाज थांबला. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. मला म्हणालीस, "आबा, हाका." मी म्हटलं, "पोरी, आते काय हाकू?" तू पुन्हा म्हणालीस, "हाका."

फाट्यापर्यंत हाकली मी. का ते मला आजही सांगता येणार नाही.

सिंधूचे दिवस उरकले आणि तू माझ्या गोठ्यात येऊन उभी राहिलीस. नववीतली पोर, केसांना तेल नाही, हातात वही-पेन्सिल.

"आबा, तुम्हना बैल मंगळवारे मोकळा राहतस ना?"

"राहतस. तुले काय करनं शे?"

"मंगळवार माले द्या."

मला वाटलं दुःखानं पोर वेडी झाली. मग तू समजावलंस. पूर्वी गरिबाचा मुलगा शिकायला दुसऱ्या गावी गेला की वार लावून जेवायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तसे गाडीचे वार लावायचे. ज्याचा वार त्याची गाडी त्या दिवशी जिनिंगला जाणार नाही, बाजाराला जाणार नाही. चारा-पाणी झालेले बैल आणि खाली गवत टाकलेली गाडी घरासमोर तयार उभी राहणार. बोलावणं आलं तर निघायचं, नाही आलं तर दिवस फुकट गेला.

फुकट! कापसाच्या हंगामात गाडीचा एक दिवस फुकट घालवायला शेतकरी तयार होतो का? किती घरांतून तुला हाकललं ते मी पाहिलं आहे. एकजण तुझ्या बापाला म्हणाला, "पोरगीले आवर, नही तं लगीन लाई दे तिन्हं." पण तू सात दारं मिळवलीसच. शाळेच्या भिंतीवर कोळशानं सात वार आणि सात नावं लिहिलीस, मंगळवारपुढे माझं. भिंत खराब केली म्हणून गुरुजींनी तुझ्या हातावर छडी मारली. तेच गुरुजी आज आपल्या संस्थेचे उपाध्यक्ष आहेत आणि काल 'तळमळीच्या' हा शब्द वाचताना रुमालानं डोळे टिपत होते. मला हसू आवरेना आणि राग मावेना.

तुझी हुशारी काय सांगू? आखाजीच्या सणाला साऱ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. तू झोका द्यायच्या निमित्तानं एकेकीजवळ जायचीस. बाई काही तोंडानं सांगत नाही की मला दिवस गेलेत. तू पदराखाली कैऱ्या घेऊन फिरायचीस. कैरी बघून जिचा हात आधी पुढे आला तिच्या सासरचा पत्ता आणि महिना वहीत लिहून घ्यायचीस. रुखमा दाई तुला म्हणायची, "माय, चाळीस वरीस मी हाई काम कर, पन असं माले सुचनं नही." तेव्हापासून ती म्हातारी तुझ्या मागे मागे हिंडू लागली.

आपलं एक भांडण राहून गेलं आहे, अमावास्येचं. अमावास्येला मी बैल जुंपत नाही. माझ्या बापानं जुंपले नाहीत, आज्यानं जुंपले नाहीत. एकदा मंगळवार आणि अमावास्या एकत्र आली आणि नेमकं भिलाटीच्या वस्तीतून बोलावणं आलं. मी म्हटलं, बैलांना हात लावू देणार नाही. तू कमरेवर हात ठेवून उभी. "बाळ काय अमावस्या पाहीसन येस का, आबा?" मी म्हटलं, येवो नाही तर न येवो, नियम म्हणजे नियम. तू गेलीस ती चार मैत्रिणींना घेऊन आलीस आणि माझ्या डोळ्यांदेखत बैलांच्या जागी तुम्ही पोरी जुवाला लागलात. चढाला गाडी हलेना. ओट्यावरचे रिकामटेकडे हसायला लागले. मी किती वेळ बघू? शेवटी धोतर खोचलं आणि जू खांद्यावर घेतलं. मागून तू ढकलत होतीस आणि ओरडत होतीस, "आबा, तुम्हले अमावस्या चालस का?" त्या बाईला मुलगा झाला, फाट्यावरच्या चहाच्या टपरीच्या आडोशाला. माझा खांदा महिनाभर दुखत होता. तरी सांगतो, नियम माझाच बरोबर होता. बैल जुंपले नाहीत.

मग मेटाडोर. किराणा दुकानाच्या भिंतीवर व्यापाऱ्यांची कॅलेंडरं टांगलेली असतात. तू त्यांच्यावरचे पत्ते उतरवून घेतलेस आणि पोस्टकार्डं लिहिलीस, जळगाव, पारोळा, भुसावळ, जो पत्ता दिसेल तिथे. उत्तर एकाचंच आलं, जळगावच्या केळीच्या व्यापाऱ्याचं. तू मला बरोबर घेऊन गेलीस, कारण एकट्या पोरीला एसटीत कोण जाऊ देणार? शेठजी गादीवर बसले होते. मूळचे मारवाडातले, पण मराठी आपल्यापेक्षा साफ. त्यांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "शेठ, बोलनं शे ते हिन्हासंगे बोला. मी नुसता गाडीवाला." शेठजींनी चष्मा वर केला.

"बेटी, कितवीत आहेस?"

"दहावीत."

"गाडी देतो. जुनी आहे, केळी वाहिलेली आहे, वास येईल. पण कुणाच्या नावावर करू? तुझ्या? तुला तर लायसन पण मिळायचं नाही. रजिस्टर संस्था कर आणि ये."

म्हणून आपण धुळ्याच्या ऑफिसात गेलो. नियमाप्रमाणे सात माणसं हवी होती. मी, रुखमा दाई, गुरुजी, आणि वार दिलेल्यांपैकी चौघं. अध्यक्ष म्हणून तुझं नाव तूच लिहून नेलं होतंस, मोत्यासारख्या अक्षरात. कारकुनानं जन्मतारीख विचारली आणि तुझ्या नावावर आडवी रेघ मारली. म्हणाला, "मुलगी अज्ञान आहे. चालणार नाही."

मी भडकलो. "अज्ञान कोनले म्हनस रे? पोरगी वर्गात पहिली शे!" तो हसला. म्हणाला, "आजोबा, अठरा पूर्ण नाहीत एवढाच अर्थ आहे."

तेव्हा मला ते कळलं, आणि इथेच माझी चूक झाली. माझा बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शेताच्या उताऱ्यावर माझं नाव होतं आणि त्याच्या पुढे 'अ.पा.क.' म्हणून काकाचं. अज्ञानाचा पालनकर्ता. शेत माझं, काका नुसता सांभाळणारा. मी वयात आल्यावर तलाठ्यानं काकाचं नाव उडवलं, झालं. मला वाटलं संस्थेचंही तसंच असणार. मालक मंगल, मी अ.पा.क. तीन वर्षं झाली की माझं नाव आपोआप गळून पडेल. छाती फुगवून मी सही केली. गावात येऊन सगळ्यांना सांगितलं, पोरीच्या संस्थेचा मी पालनकर्ता आहे.

येताना एसटीत तू म्हणालीस, "आबा, ते उतारासारखं नही शे. ह्या कागदवर मन्हं नावच नही." मी म्हटलं, "तू गप बस. शेताचे कागद बघत म्हातारा झालो, मला कागद शिकवू नको." तू खिडकीबाहेर बघत बसलीस. तुला गाडी हवी होती, वाद नको होता.

तुला अठरा पूर्ण झाली त्या आठवड्यात तू कागद घेऊन आलीस. मी ओट्यावर चारचौघांत बसलो होतो. मला वाचायला वेळ लागतो, पण वरचा ठळक शब्द लगेच कळला. राजीनामा. आपल्याकडे राजीनामा कोण देतो? जो सरपंच खाताना सापडतो तो. माझं डोकं तडकलं. "मी काय चोरी करी? मन्हं नाव काढाले निंघनी का?" तू म्हणालीस, "आबा, हाऊ नुसता कागद शे. तुम्ही उतरल्याबिगर माले चढता येत नही." मी त्या कागदाचे चार तुकडे केले. तू ते वेचलेस, कारण तुला कचरा केलेला खपत नसे, आणि निघून गेलीस.

मंगल, आजवर हे कुणाला सांगितलं नाही. एसटीतलं तुझं बोलणं मला तेव्हा कळलं नव्हतं हे खरं. पण त्या दिवशी तू 'चढता येत नही' म्हणालीस ते मला पुरतं कळलं होतं. मी समजून उमजून कागद फाडला. तोवर तीन वर्षं मी अध्यक्ष होतो. शाळेच्या झेंडावंदनाला मला खुर्ची द्यायचे. तालुक्याचे साहेब आले की नारळ माझ्या हातात. चौथीत शाळा सुटलेल्या गाडीवाल्याला कोण नारळ देतो? मला ती खुर्ची आवडली होती. मला वाटतं, तुला ते दिसत होतं. म्हणून तू दरवर्षी सभेला एकदाच हसत विचारायचीस, "आबा, औंदा?" आणि मी म्हणायचो, "पुढल्या साली दखू." सात वर्षं.

माझ्या तोंडावर का नाही थुंकलीस? का नाही गावासमोर भांडलीस? अमावास्येला बैलाच्या जागी मला जुंपणारी तू, या एका गोष्टीत गप्प का राहिलीस? याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

कारण तू काय काय सोसलंस ते मला आत्ता कळलं. तुझ्या तेराव्याला रुखमा दाई माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, एक सांगू का? वाईट वाटाले नको." मग तिनं सांगितलं. कुठल्याही ऑफिसात गेलीस की विचारायचे, तुम्ही कोण? अध्यक्षांना पाठवा. बँकेत, गाडीच्या कागदांना, सगळीकडे. मागच्या उन्हाळ्यात मी लेकीकडे भुसावळला जाऊन महिनाभर राहिलो, तेव्हा माझ्या एका सहीवाचून मेटाडोर पंधरा दिवस शाळेमागे उभी होती. तू पुन्हा बैलगाडीचे वार लावलेस. वस्तीवरची एक बाई त्याच नाल्यात बाळंत झाली, गाडीत, तुझ्या आणि रुखमाच्या हातावर. दोघं जगली. त्या रात्री तू घरी गेली नाहीस, नाल्याच्या काठावरच बसून राहिलीस म्हणे. मी भुसावळहून आलो तेव्हा मला नुसतं एवढंच म्हणालीस, "आबा, इथे एक सही राहिली."

एसटीडीचा बूथ गावात आला होता ना तेव्हा? एक फोन करायचा होतास. मी मिळेल त्या गाडीनं आलो असतो. आलो असतो का? तुलाच खात्री नव्हती म्हणून तू केला नाहीस. तुझी खात्री नसावी अशीच माझी वागणूक होती.

म्हणून काल गुरुजींनी तो कागद वाचायला घेतला तेव्हा मी उठलो.

"कार्यकर्त्या नाही. संस्थापक लिहा."

गुरुजी हळूच म्हणाले, "आबा, भावना समजतात. पण दप्तरात जे आहे तेच लिहावं लागतं. दप्तरात मंगलचं नाव कुठेच नाही. संस्थापक अध्यक्ष तुम्ही आहात."

"तिचं नाव का नाही?"

"आता तो विषय कशाला?"

"का नाही ते विचारतोय!"

तेव्हाच मी कागद हिसकावला. कोणीतरी मागून म्हणालं, बसवा रे म्हाताऱ्याला. दाराशी बाया बसल्या होत्या, नेहमी बसतात तिथे, चपलांच्या जवळ. मी तिकडे तोंड केलं. "गाडीतून कोण कोण गेलं आहे? आणि बोलवायला कोण आलं होतं, मी का मंगल?" मग रुखमा दाई उठली, तिच्यामागे एक, मग दुसरी, कडेवरच्या पोरांसकट. रुखमा म्हणाली, "लिखा ना गुरुजी. आबा म्हंतस तेच लिखा. आम्हनं पोट काय दप्तर पाहीसन वाढनं का?"

सभेत हसू फुटलं. तुझ्या शोकसभेत. तुला चाललं असतं.

गुरुजींनी सभेची वही उघडली. पहिला ठराव मी सांगितला तसा लिहिला. ही संस्था मंगलनं काढली, तेव्हा तिचं वय पंधरा होतं, कायद्यानं तिचं नाव घेतलं नाही म्हणून कागदावर दुसऱ्यांची नावं आहेत. धुळ्याचं ऑफिस हे मानणार की नाही मला माहीत नाही. गुरुजी म्हणतात मानणार नाही, मयत माणसाचं नाव आता चढत नाही. न मानू दे. मेटाडोरच्या दारावर रंगाऱ्यानं लिहिलेलं माझं नाव मी आज सकाळी रॉकेल आणि चिंधीनं स्वतः पुसलं. तिथे नवीन नाव घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरा ठराव राजीनाम्याचा. गुरुजींचा चेहरा तेव्हा जरा उजळला, तो मी पाहिला. पुढचा अध्यक्ष कोण, ते बाया ठरवतील असंही मी त्याच ठरावात घालायला लावलं. चेहरा परत होता तसा झाला.

"कारण लिहावं लागतं, आबा. 'वृद्धापकाळामुळे' टाकतो."

"मी अजून वखर हाकतो."

"मग 'प्रकृतीच्या कारणास्तव'?"

"मला काय धाड भरली आहे?"

"मग काय लिहू तुम्हीच सांगा."

"लिहा. हा राजीनामा सात वर्षांपूर्वी द्यायचा होता. मुलीनं लिहून आणला होता. मी फाडला. मला खुर्ची सोडवली नाही."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आबा, असं कोणी लिहीत नाही, वही ऑफिसात तपासायला जाते, चार लोक वाचतात. मी म्हटलं, चार काय, चाळीस वाचू दे. त्यांनी 'अध्यक्षांनी खेद व्यक्त केला' एवढंच लिहिलं. मी ते बोट ठेवून वाचलं, त्यावर त्यांनाच रेघ मारायला लावली, आणि एकेक शब्द पुन्हा सांगितला. 'फाडला' लिहिताना ते अडले. मी वाट बघत उभा राहिलो. सगळी सभा वाट बघत होती. शेवटी त्यांनी लिहिलं. मग मी खाली सही केली.

तू तिथे असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस, आणि मला तुझा आणखीन राग आला असता.